भिंत तापलीय, पण तिच्यावर पीच नको

पॅरिसच्या पूर्वेला माँत्रई नावाचं एक गाव आहे. तिथले शेतकरी सतराव्या शतकापासून उंच भिंती बांधून त्यांना जिप्समचा गिलावा द्यायचे. पीचच्या झाडाच्या फांद्या पंख्यासारख्या पसरायच्या आणि कापडाच्या चिंध्या खिळ्यांनी ठोकून त्या भिंतीला बांधायच्या. दिवसा भिंत ऊन साठवणार आणि रात्री ती ऊब झाडाला देणार. अशा युक्तीनं थंड मुलखातही पीच पिकायचं. एकोणिसाव्या शतकात या भिंतींची एकूण लांबी शेकडो किलोमीटरवर गेली. १६९९ साली तर निकोला फासियो द दुइलिए या न्यूटनच्या स्विस गणिती मित्रानं इंग्लंडमध्ये याच विषयावर पुस्तक काढलं. भिंत सरळ उभी न ठेवता तिरपी बांधा, ऊन जास्त मिळेल, असं त्याचं म्हणणं. पुढं रेल्वे आली, दक्षिणेकडची स्वस्त पीच पॅरिसच्या बाजारात उतरली आणि या भिंतींची सद्दी संपली.

गोष्ट भारी आहे. म्हणूनच तिचे व्हिडिओ फिरतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, हे आपल्याकडंही करायला पाहिजे. मी म्हणतो, कोल्हापुरात हे अजिबात करू नका.

कारण साधं आहे. पॅरिस ४९ अक्षांशावर आहे आणि कोल्हापूर पावणेसतराच्या आसपास. डिसेंबरच्या भर दुपारी पॅरिसचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो, आपला ५० अंश. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे माँत्रईवाले ज्या दक्षिणेच्या उन्हासाठी जीव टाकायचे, ते मे महिन्यात दुपारी आपल्या दक्षिण भिंतीवर पडतच नाही. आपल्याकडं भाजून निघते ती पश्चिमेची भिंत. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि थेट तिच्या छाताडावर बसतो.

मी अशाच एका भिंतीच्या आत राहतो. एप्रिलमध्ये रात्री नऊला हात लावला तरी ती गरम लागते. फॅन लावला की तीच गरम हवा खोलीभर फिरते. फ्रान्समधल्या पीचला ही ऊब सोन्यासारखी होती, मला तिच्यामुळं झोप लागत नाही. आपल्या भिंतीला ऊन मिळवून द्यायचं नाही, तिच्यावरचं ऊन अडवायचं आहे. आणि हे काम वेल फुकटात करतो, वर फळंही देतो.

फळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पीच आणि स्ट्रॉबेरी येत असतील, तर दोडका, कारलं, तोंडली ही वनस्पतीची फळंच आहेत हे ध्यानात घ्या. आधीच्या पिढ्यांना ही जोडणी ठाऊक होती. न्हाणीच्या पाण्यावर मागच्या भिंतीलगत केळी आणि अळू, अंगणात वेलाचा मांडव. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. त्या न्हाणीमागं डासही भरपूर असायचे. पण सांडपाणी, सावली आणि भाजी ही तिन्ही कामं एकाच जागेत होत होती. आज त्या जागेला आपण मार्जिन म्हणतो आणि तिच्यावर कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक घालतो. मग तोही तापतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये वेलाचा विषय काढला तेव्हा तीन उत्तरं मिळाली. पाया खराब होतो, ओल येते, साप येतात. पायाला भीती पिंपळाची असते, आणि तो कुणी न लावताच भेगेत उगवतो. दोडक्याच्या मुळांनी इमारत पडत नाही. ओल येऊ नये म्हणून वेल भिंतीवर चढवायचाच नाही. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून तारेवर किंवा बांबूवर चढवायचा. मधल्या फटीतून वारा खेळतो आणि भिंत आणखी गार राहते. राहिला साप. तो अडगळीत येतो, उंदरांच्या मागावर. बुडाशी साफसफाई ठेवली की झालं.

कुठला वेल, हेही डोकं लावून ठरवायचं. तासगाव जवळ आहे म्हणून लगेच द्राक्ष लावायला जाऊ नका. आपल्याकडं द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास होते, म्हणजे सावली हवी तेव्हाच वेल उघडा पडतो. दोडका, कारलं जानेवारी-फेब्रुवारीत लावलं की कडक उन्हाच्या आत तार भरते. तोंडलीचा वेल वर्षानुवर्षं टिकतो. जागा मोठी असेल तर पॅशन फ्रूट लावा.

माझी मागणी लहान आहे. नवीन बांधकामात पश्चिमेच्या भिंतीलगत दीड फूट माती उघडी सोडा. जुन्या सोसायट्यांनी कोब्याची एक पट्टी फोडावी. एसीच्या आउटडोअर युनिटला भिंतीवर जागा देताना कुणी मीटिंग बोलावत नाही. ते युनिट खोलीतली गरमी बाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर फेकतं. वेलासाठी मात्र एनओसी मागतात.

भाड्यानं राहत असाल तर पंधरा-वीस लिटरचा डबा, चार बांबू आणि सुतळी पुरते. आज दुपारी चार वाजता घरातल्या कुठल्या भिंतीवर ऊन आहे तेवढं बघा. वेल तिच्याच समोर लावायचा.