सर्व्हरची वाट बघत बसू नका

नेप्तीला कांद्याला काय भाव फुटला, घोडेगावात आवक किती झाली, वांबोरीत उन्हाळी कांदा काय दराने गेला, हे नगर जिल्ह्यात संध्याकाळी घरोघरी विचारले जाते. माल उद्या भरायचा की चाळीत राहू द्यायचा, ते त्यावर ठरते. बाजारभाव पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात, देशभरातले अ‍ॅगमार्कनेटवर. पावसाचा अंदाज हवामान खात्याकडे, मुळा-भंडारदरा धरणांचा साठा जलसंपदा विभागाकडे, उपग्रहाचे नकाशे इस्रोच्या ‘भुवन’वर. माहिती सरकारी आणि फुकट. पण ठेवलेली दहा ठिकाणी. ती रोज एकत्र आणणारा प्रोग्रॅम आपल्या जिल्ह्यातल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी लिहावा, असे मला मनापासून वाटते. तो कसा लिहावा, हा आजचा विषय.

नवशिका बहुधा असे लिहितो: एक फाइल मागायची, ती पूर्ण उतरली की दुसरी. समजा दोनशे फायली आहेत आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागतो. झाले शंभर सेकंद, आणि त्यातले जवळपास सगळे नुसते ताटकळण्यात. दोन गिगाहर्ट्झचा साधा प्रोसेसर अर्ध्या सेकंदात शंभर कोटी ठोके घेतो. ते वाया जातात. त्यातून एखादा सर्व्हर अडून बसला, तर मागची सगळी रांग तिथेच तुंबते.

मग कोणी प्रत्येक फायलीसाठी वेगळा थ्रेड सुरू करतो. दहा-वीस सर्व्हरपुरते ते चालते. संख्या हजारांत गेली की प्रत्येक थ्रेडची स्मृती आणि एकावरून दुसऱ्यावर उडी मारण्याचा खर्च अंगावर येतो. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी हाच प्रश्न मांडला होता: एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या?

याचे उत्तर इव्हेंट-ड्रिव्हन, म्हणजे घटना घडली की मगच काम करण्याच्या पद्धतीत आहे. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात एकच सिस्टर वीस रुग्णांची सलाइन सांभाळते. ती कोणत्याही एका बाटलीपाशी उभी राहत नाही. जिथली संपत आली तिथे जाते, काम उरकते, पुढच्या हाकेला मोकळी होते. प्रोग्रॅमनेही तसेच करायचे. सगळ्या सर्व्हरांना मागणी पाठवून द्यायची आणि ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचे, ‘यातल्या कोणाकडून काही आले?’ बर्कलेच्या युनिक्समध्ये 1983 साली या कामासाठी सिलेक्ट आले, लिनक्समध्ये 2002 साली ईपोल. याच पद्धतीवर उभे असलेले नोड 2009 मध्ये आले आणि पायथनमध्ये असिंकआयओ 2014 पासून आहे, म्हणजे आता हे विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर पाच-पंचवीस ओळींत होते.

खुबी अशी की वेळ संपणे हीसुद्धा इथे एक घटनाच असते. धरणसाठ्याचा सर्व्हर दहा सेकंदांत बोलला नाही, तर घड्याळ हाक देते, ती जोडणी सोडली जाते आणि कांद्याचे भाव तोवर केव्हाच उतरलेले असतात. पण एक खाच आहे, तिथे अनेकांची गाडी रुतते. सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधण्याचे जुने फंक्शन उत्तर येईपर्यंत सगळा प्रोग्रॅम रोखून धरते. उतरलेली मोठी फाइल तिथल्या तिथे उलगडत बसलात तरी तेच. ‘काही आले?’ हे विचारत राहण्याच्या चक्राच्या आत कुणीही रेंगाळायचे नाही; जड काम बाजूला दुसऱ्या प्रोसेसकडे द्यायचे.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. एकाच वेळी अनेक सर्व्हरांकडे जाणे वेगळे आणि एकाच सर्व्हरवर शंभर जोडण्यांनी तुटून पडणे वेगळे. नव्या हातांना हा फरक सुचत नाही आणि छोट्या कार्यालयाचा सर्व्हर बसतो. एका सर्व्हरला दोनापेक्षा जास्त जोडण्या लावू नयेत, असे 1999 च्या एचटीटीपी नियमावलीत होते. तो आकडा 2014 च्या नियमावलीतून गेला, तरी सरकारी सर्व्हरांसाठी मी अजून तोच पाळावा म्हणेन. शिवाय फाइल बदललीच नसेल, तर सर्व्हर 304 असा निरोप देऊ शकतो. ‘बदलली का?’ असे आधी विचारायची सोय वापरली तर दोघांचेही श्रम वाचतात. आणि उतरणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने ठेवावी, पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे. नाहीतर वीज गेली की अर्धवट भाव खरे म्हणून गावभर फिरतात.

मागणी सरकारकडेही आहे. बाजारभाव केंद्राच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवर यंत्राला वाचता येतील अशा रूपात मिळतात. धरणसाठे आणि पाऊस हेही तसेच द्यावेत, रोज ठरल्या वेळी, शेवटच्या बदलाच्या वेळेसह. पीडीएफ देऊन भागत नाही. आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांना विनंती: या सत्रातला एक प्रकल्प या विषयावर द्या, दोन जोडण्यांच्या अटीसकट.