उंदीर नियंत्रणाचे वेळापत्रक अंडाशयाकडे पाहून आखावे

कोलकात्याच्या पूर्वेस वसलेले न्यू टाउन आज उंच इमारतींसाठी ओळखले जाते. काही दशकांपूर्वी तेथे राजारहाटची भातशेती होती. शेत गेले आणि शहर आले, तरी त्या परिसरातील एका प्राण्याला दोन्ही ठिकाणे सारखीच मानवतात. तो म्हणजे लहान घूस, शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. कोलकात्याच्या धान्य गोदामांतील या प्राण्याचा जे. जुआन स्पिलेट यांनी केलेला सविस्तर अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच घूस कोकणातील भातखाचरांच्या बांधांतही बिळे करते. गोदामात बारमाही अन्न, म्हणून वीणही बारमाही. शेतात मात्र वीण पिकाच्या अवस्थेबरोबर चढते आणि उतरते. या फरकाचे मूळ मादीच्या शरीरात आहे आणि नियंत्रणाची वेळ ठरवताना त्याचा विचार क्वचितच होतो.

उंदीरवर्गीय मादीच्या अंडाशयात अपरिपक्व पुटिकांचा साठा जन्माच्या सुमारासच तयार होतो. या साठ्यातून पुटिकांचे लहान लहान गट वाढीस लागतात. पुढे मेंदूतील अधश्चेतकाच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके स्रवते. पहिले संप्रेरक पुटिका वाढवते. वाढत्या पुटिका इस्ट्रोजेन तयार करतात. त्याची पातळी पुरेशी चढली की दुसऱ्या संप्रेरकाची, म्हणजे पीतपिंडकारी संप्रेरकाची, लाट उसळते आणि पक्व पुटिकांतून अंडी बाहेर पडतात. प्रयोगशाळेतील उंदरांत हे चक्र अवघ्या चार-पाच दिवसांचे असते. गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, आणि विण्यानंतर एखाद्या दिवसातच मादी पुन्हा माजावर येऊ शकते.

या यंत्रणेची किल्ली अन्नाच्या हाती आहे. मादी उपाशी असली, अंगावर चरबी नसली, की अधश्चेतकाचा इशारा मंदावतो आणि वाढीस लागलेल्या पुटिका पक्व होण्याआधीच जिरून जातात. पोटभर आहार मिळाला की इशारा पुन्हा सुरू होतो. मिझोराममध्ये बांबूला बहर आल्यावर उंदरांचा जो उद्रेक होतो, त्यामागे बियांच्या रूपाने आलेली ही सुबत्ताच आहे. १९५९ आणि २००७ च्या सुमारास त्या राज्याने त्याची मोठी किंमत मोजली.

भाताच्या शेतात हीच सुबत्ता पीक पोटरीत आल्यापासून सुरू होते. त्या वेळी गाभण राहिलेली मादी तीन आठवड्यांनी विते आणि आणखी सुमारे तीन आठवड्यांत तिची पिल्ले स्वतः खाऊ लागतात. म्हणजे दाणा पक्व होतो, तेव्हा बिळाबाहेर नवी पिढी हजर असते. शेतकऱ्याला नुकसान दिसते ते याच वेळी, आणि विषारी आमिषाची मागणीही याच वेळी होते. परंतु भोवती पिकलेले भात उभे असताना घूस आमिषाकडे कशाला वळेल? झिंक फॉस्फाईडचा अपुरा घास खाऊन वाचलेला उंदीर तर पुढे त्या आमिषाला तोंडही लावत नाही. शिवाय काही उंदीर मेले, तर उरलेल्यांच्या वाट्याला अधिक अन्न आणि मोकळी बिळे येतात. त्यांच्या अंडाशयांना ती जणू पर्वणीच. मेलेल्या उंदरांची संख्या मोजून मोहीम यशस्वी ठरवणे म्हणूनच फसवे आहे.

अंडाशयावरच घाव घालणारे औषध का वापरू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये अशा एका द्रवरूप आमिषाला मान्यता मिळाली. त्यातील एक घटक राखीव पुटिका नष्ट करतो, तर दुसरा वाढत्या पुटिकांना रोखतो. मात्र त्याचा परिणाम टिकण्यासाठी उंदरांनी ते वारंवार पिणे आवश्यक असते. बंदिस्त गोदामात हे जमू शकेल. चहूकडे पाणी आणि दाणा असलेल्या खाचरात ते कठीण आहे. अशा औषधाची वाट पाहत बसण्यापेक्षा वेळ आणि अन्न ही दोन साधने वापरणे शहाणपणाचे ठरेल.

त्यासाठी मोहीम लावणीपूर्वी सुरू करून फुटव्यांच्या अवस्थेपर्यंत संपवावी. त्या वेळी उंदरांची संख्या कमी असते, शेतात दाणा नसतो आणि आमिष व सापळे दोन्ही परिणामकारक ठरतात. तेव्हा मारलेली एक मादी म्हणजे हंगामाअखेरची अनेक तोंडे कमी. विष घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवावे. बांध अरुंद व तणमुक्त ठेवावेत. कापणीनंतर बिळे खणून घुशीने साठवलेल्या लोंब्या काढाव्यात, कारण पुढच्या विणीची शिदोरी तीच असते. घुबडांना अभय द्यावे आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत.

हे काम एकट्याचे नाही. एका शेतकऱ्याने बांध साफ केला आणि शेजाऱ्याने केला नाही, तर रिकामी बिळे थोड्याच दिवसांत पुन्हा भरतात. विस्तार कार्यकर्त्यांनी गावाची बैठक कणसे कुरतडलेली दिसल्यावर बोलावण्याऐवजी रोपवाटिका तयार होत असतानाच बोलवावी. पोटरीपूर्वीचे ते थोडे आठवडे हातचे गेले, तर पुढचा खर्च बहुतांशी समाधानापुरताच उरतो.