चावडी खिशात आली, पण खातरजमा कोण करणार?



पूर्वी गावाला बातमी लागायची ती पारावर, चावडीवर, नाहीतर एस.टी.तून उतरलेल्या पाहुण्याकडून. बाजारभाव ऐकायला रेडिओभोवती कोंडाळं जमायचं. आता ती सगळी चावडी आपल्या खिशात येऊन बसली आहे. व्हॉट्सअॅप, फेसबुक, यूट्यूब या गोष्टी शहरातल्या पोरांच्या करमणुकीच्या राहिल्या नाहीत. सकाळी धार काढताना मोबाईलवर कांद्याचा भाव बघणारे शेतकरी मी रोज पाहतो. तेव्हा हे साधन चांगलं की वाईट, हा वाद आता पुरे झाला. ते वापरायचं कसं, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

आधी फायद्याचं बोलू. राज्य सरकारने 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. कायद्याने वाट मोकळी झाली, पण गिऱ्हाईक शोधायचं कुठं, हा प्रश्न राहिलाच होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, बाजार बंद पडले आणि गरजेपोटी वाट सापडली. शहरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मागणी घ्यायची, भाजीच्या पिशव्या बांधायच्या आणि टेम्पो थेट दारात न्यायचा, असा व्यवहार अनेकांनी केला. माझ्या भागातल्या एका जोडप्याने तो आजही टिकवला आहे. त्यांचं गणित सोपं आहे. मागणी आधी, तोडणी नंतर. पैसे आगाऊ. मालाचा फोटो आपल्याच शेतातला, त्याच दिवशीचा. एकदा गारपिटीने पेरू डागाळले, तर वहिनींनी डागाळलेल्या पेरूचाच फोटो टाकला आणि दर कमी लावला. सगळा माल गेला. गिऱ्हाईक फोटोला भुलून एकदा येतं, पुन्हा येतं ते शब्दावर.

बचत गटाच्या भगिनींनाही हेच लागू आहे. पापड, मसाले, लोणची यांना गावात गिऱ्हाईक किती मिळणार? पण पुण्या-मुंबईला गेलेली आपलीच माणसं घरच्या चवीला आसुसलेली असतात. अन्न परवान्याची नोंदणी करा, पाकिटावर वजन आणि बनवल्याची तारीख लिहा, मग खुशाल जाहिरात करा.

आता दुसरी बाजू. ती सांगताना मला माझीच चूक सांगावी लागेल. 2023 च्या जून महिन्यात 'येत्या चार दिवसांत जोरदार पाऊस' असा एक संदेश मला आला. खाली हवामान खात्याचं नाव होतं, तारीख मात्र नव्हती. मी तो न तपासता गावच्या ग्रुपवर पुढे ढकलला. त्या वर्षी पाऊस 11 जूनला कोकणात आला आणि तिथंच अडून बसला. सर्वदूर पसरायला महिन्याची अखेर उजाडली. तोवर आमच्या गावात काही जणांनी सोयाबीन पेरून टाकलं होतं. बी मातीत वाया गेलं, दुबार पेरणी करावी लागली. एक म्हातारे गृहस्थ मला एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही टाकलं म्हणून पेरलं बघा." ते रागावले असते तरी चाललं असतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे बांधावर उभं राहून सांगणारा मीच. आणि एका बोटाच्या दाबाने मीच ते पुसून टाकलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ज्या संदेशाला तारीख नाही आणि सांगणाऱ्याचं नाव नाही, तो पुढे पाठवायचा नाही.

नुकसान बियाण्यावर थांबलं तर भरून तरी निघतं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं काय घडलं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरली आणि भिक्षेसाठी आलेल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं. अफवा पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असेल, आपण तर गावाला सावध करतोय.

फवारणीचंही तसंच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. औषधांची मनाला येईल तशी मिसळ हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं गेलं. आणि आज मोबाईलवर 'ही तीन औषधं एकत्र मारा, अळी साफ' असे व्हिडिओ सर्रास फिरतात. सांगणाऱ्याचं पीक वेगळं, जमीन वेगळी, कधी कधी तो स्वतःच विक्रेता. डब्यावरची माहिती आणि विषाचा रंगीत त्रिकोण आधी वाचा. शंका आली तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करा. सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मराठीत उत्तर मिळतं, पैसे पडत नाहीत. बियाणं तर मोबाईलवरच्या ओळखीने बिनपावतीचं कधीच घेऊ नका. उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे काय दाखवणार? सरकारी योजनेच्या नावाने एखादी फाईल आली तर ती उघडू नका. खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 वर कळवा.

आता दोन शब्द सरपंच, ग्रामसेवक आणि माझ्यासारख्या खात्याच्या माणसांसाठी. ग्रुपवर सूचना टाकली म्हणजे गावाला कळवलं, असा समज आपण करून घेतला आहे. ज्याच्याकडे साधा फोन आहे, जी बाई ग्रुपमध्येच नाही, जो मजूर पहाटे कामाला जातो, त्याला ग्रामसभा कशी कळणार? सूचना पंचायतीच्या फळ्यावर लागलीच पाहिजे, गरज पडली तर दवंडीही द्यावी. मोबाईल त्याच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे.

येत्या ग्रामसभेत एवढं ठरवून टाका. गावच्या ग्रुपवर दोन जाणत्या माणसांनी लक्ष ठेवावं, त्यातली एक बाई असावी. हवामान, औषध आणि अनोळखी माणसांविषयीचा संदेश त्यांनी तपासल्याशिवाय कुणी पुढे पाठवू नये. आणि चूक झाली, तर ज्याने टाकलं त्यानेच त्याच ग्रुपवर ती कबूल करावी. मी त्या जूनमध्ये कबूल केली होती. लाज वाटली, पण त्यानंतर लोक मला 'साहेब, हे खरं का?' असं विचारू लागले. आधी विचारायचं आणि मग पेरायचं, एवढी सवय गावाला लागली तरी पुष्कळ झालं.