हजारांश इंचाचा हिशेब

साखर घेताना ग्राहक काट्याकडे पाहतो, कापड घेताना मीटरपट्टीकडे. परंतु वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी त्यांवर चिकटवल्या जाणाऱ्या धातूच्या ब्रॅकेटचे माप कोण पाहतो? रुग्णाला ते शक्य नाही, आणि दंतवैद्यही बहुधा पाकिटावरील आकड्यावरच विसंबतो.

ब्रॅकेटच्या ज्या खाचेत तार बसते, तिची प्रचलित मापे दोन : ०.०१८ आणि ०.०२२ इंच. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स अँड्र्यूज यांनी दाताचा अपेक्षित कल, तारेला पीळ देण्याऐवजी, ब्रॅकेटमध्येच घडवण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून उपचाराची अचूकता बरीचशी कारखान्यावर अवलंबून राहिली. त्यांच्या आराखड्यात वरच्या मधल्या दाताचा हा कल ७ अंशांचा होता. आता हिशेब पाहा. ०.०२२ इंचाच्या खाचेत ०.०१९ बाय ०.०२५ इंचाची तार भूमितीच्या नियमानेच सुमारे ७ अंश सैल फिरते. खाच प्रत्यक्षात ०.०२४ इंच भरली, तर ही सैलता १२ अंशांच्याही वर जाते. मग योजलेला कल साधण्यासाठी तारेला पुन्हा पीळ देणे आले. निरनिराळ्या संशोधकांच्या मोजमापांत खाचा छापील मापापेक्षा मोठ्या असल्याचे वारंवार आढळले आहे.

तार सरकण्यासाठी थोडी सैलता हवीच, आणि कुशल दंतवैद्य उणीव भरून काढतो, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. पण ती भरपाई फुकट होत नाही. तिची किंमत रुग्ण वाढीव फेऱ्यांच्या आणि महिन्यांच्या रूपाने मोजतो. शिवाय सैलता किती, हे सांगितलेले तरी असावे. विक्रेत्याला गुणवत्ता ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारातून चांगला मालच हद्दपार होतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवून दिले. अचूकता दिसत नसेल, तर तिच्यासाठी जादा खर्च कोणता कारखानदार करील?

उपाय अवघड नाही. ब्रॅकेटची मापे पडताळण्याच्या रीती ‘आयएसओ २७०२०’ या आंतरराष्ट्रीय मानकात २०१० पासून उपलब्ध आहेत. प्रत्येक पाकिटावर नाममात्र मापाबरोबर त्या खेपेचे प्रत्यक्ष मोजलेले माप व कमाल फरक छापणे बंधनकारक करावे. मुंबई-नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांनी निविदेतच मोजमापाचा दाखला मागावा आणि नमुने स्वतः मोजून निष्कर्ष जाहीर करावेत. मोठा ग्राहक माप विचारू लागला, म्हणजे लहान ग्राहकालाही ते आपोआप मिळू लागते.