संगीत नाटकाला कात्री कशासाठी?

संगीत नाटकाचा प्रयोग दोन तासांत आटोपला पाहिजे, पदे निम्म्यावर आणली पाहिजेत आणि जमल्यास साथ आधीच ध्वनिमुद्रित करून घ्यावी, असे मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. आजच्या प्रेक्षकाला वेळ नाही, एवढेच त्याचे समर्थन. छत्रपती संभाजीनगरातील रसिकांपैकीही काहीजण या मताला मान डोलावतात. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उदाहरणादाखल गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ घेऊ. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये आणलेल्या प्रहसनाचा धागा घेऊन आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी प्रथम गद्य प्रहसन लिहिले आणि पुढे त्यात पदे घातली. गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत रूप १९१६ साली रंगभूमीवर आणले. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते; अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती फाल्गुनराव पाहतो. येथून सारेच एकमेकांवर संशय घेत सुटतात.

आता या नाटकातील गाणे प्रामुख्याने कोणाच्या वाट्याला आले आहे? अश्विनशेट आणि रेवती यांच्या. त्यांचे प्रेम खरे आहे, हे प्रेक्षकाला पदांतून पटते. ते पटले, तरच एका क्षुल्लक तसबिरीने ते मोडू पाहते याची गंमत वाटते आणि थोडी धास्तीही. पदे छाटली की प्रेम उरत नाही, उरतो तो नुसता घोटाळा. वेळ वाचविण्याच्या नादात आपण विनोदाचे मूळच खणून काढतो, हे कात्रीवाल्यांच्या ध्यानात येत नाही.

पूर्वीचे प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चालत, तसे आज कोणी चालवावेत असे आमचे म्हणणे नाही. ‘वन्समोअर’चा अतिरेक आवरावा, हेही मान्य. मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या विनोदी ऑपेराला १७८६ साली व्हिएन्नात इतके ‘वन्समोअर’ मिळू लागले, की एकाहून अधिक गायकांची पदे पुन्हा गाऊ नयेत असा हुकूम सम्राट दुसरा जोसेफ याला काढावा लागला. परंतु सम्राटाने पुनरावृत्तीला लगाम घातला. मूळ कृतीतील पदे कापली नाहीत. एवढा विवेक आम्हांलाही दाखविता येईल.

ध्वनिमुद्रित साथीचा मार्ग तर त्याहून घातक. प्रेक्षागृहात हशा उसळला की नट थांबतो, ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, तबलजी त्याच्या नजरेकडे पाहत असतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही. शिवाय साथीदारांना काम मिळाले नाही, तर ही विद्या शिकणार कोण? पायाने भाता हलवून वाजवायचा हा ऑर्गन आमच्या वाचकांना परका नाही. अनेक जुन्या चर्चमधून उपासनासंगीताला याच जातीच्या वाद्याची साथ असे. चर्चमध्ये त्याचे मोल जाणणाऱ्यांनी रंगभूमीवर त्याची उपेक्षा का करावी?

‘हे पुण्या-मुंबईचे खूळ, मराठवाड्याला त्याचे काय?’ असाही एक आक्षेप ऐकू येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात झाले आणि हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे खरे. पण गाऊन, सोंग आणून, हसवून सांगण्याची कला येथे बाहेरून आलेली नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचली ती याच मातीत. आपल्या शहरातील रंगमंदिराला त्यांचेच नाव आहे. त्या रंगमंचावर गाणारे नाटक परके कसे ठरेल?

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी ‘खल्वायन’सारखी हौशी संस्था संगीत नाटके उभी करते. गोव्याच्या कॅथलिक बांधवांचा तियात्र पाहा. इटालियन ऑपेरा मंडळीच्या सहवासातून लुकाझिन्यो रिबेरो यांना त्याची प्रेरणा मिळाली आणि १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत ‘इटालियन भुरगो’चा प्रयोग झाला. तो तियात्र आजही गाण्यांसह उभा आहे, कारण त्याचा प्रेक्षक तिकीट काढून येतो. आम्ही मात्र फुकट पासाची वाट पाहतो आणि मग कला मेली म्हणून हळहळतो.

म्हणून आमचे धर्मग्रामांतील कुटुंबांना सांगणे आहे, की संगीत नाटकाची जाहिरात दिसताच आयोजकांना दोन प्रश्न विचारा: पदे पुरी आहेत काय? साथ प्रत्यक्ष आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर घरातील सर्वांची तिकिटे काढा. गायनमंडळात पेटी वा की-बोर्ड वाजविणारे मूल असेल, तर त्याला ऑर्गनवाल्याचे हात दिसतील अशा खुर्चीवर बसवा. उत्तर नकारार्थी असेल, तर न येण्याचे कारण आयोजकांना स्पष्ट शब्दांत कळवा.