दगडाचे छायाचित्र आणि लपवलेली चीर

गावाकडचे आमचे जुने घर पाडायचे ठरले, त्या उन्हाळ्यात मी कॅमेरा घेऊन चार दिवस तिथे जाऊन राहिलो होतो. घर राहणार नव्हतेच. निदान त्यातल्या वस्तूंची छायाचित्रे आपल्यापाशी असावीत, एवढाच हेतू होता. उंबरा, उखळ, पाटा-वरवंटा, परसातली डोणी अशी बरीच छायाचित्रे मी काढली. त्यांत माजघरातल्या जात्याचे छायाचित्र सर्वांत चांगले उतरले. खिडकीतून तिरका उजेड येत होता, जात्याच्या तोंडाशी मी मूठभर ज्वारी ठेवली होती आणि मागे मातीची ओबडधोबड भिंत होती. शहरातल्या घरी ते मोठे करून भिंतीवर लावले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याचे कौतुकही केले.

काही वर्षांनी आत्या घरी आली. तिने चष्मा लावून ते छायाचित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "हे जातं कुणाचं रे?" मी म्हणालो, "आपलंच." तिला पटेना. "आपल्या जात्याच्या वरच्या दगडाला चीर होती. तुझ्या आजोबांनी लोखंडी पट्टी मारून घेतली होती. ती कुठंय?"

चीर होती, हे मला चांगले आठवत होते. छायाचित्र घेताना वरचा दगड फिरवून ती मीच भिंतीकडे केली होती. कारण गंजलेली पट्टी चित्रात बरी दिसत नव्हती. ज्या बाईने वीस-बावीस वर्षे त्या जात्यावर दळले, तिला ते ओळखता येऊ नये, इतके माझे छायाचित्र 'सुंदर' झाले होते. जाते तर केव्हाच घराच्या दगडमातीबरोबर कुठेतरी गेले. उरले आहे ते हे छायाचित्र, आणि ते कोणत्याही जात्याचे असू शकते.

दगडाच्या छायाचित्रणाविषयी मला जे म्हणायचे आहे, ते या प्रसंगातच आले आहे. दगडाला स्वतःचे असे चरित्र असते. कोणी तो फोडला, कोणी घडवला, कोणाच्या हातापायांनी तो झिजला, कुठे तडकला, कोणी सांधला, या सगळ्याच्या खुणा त्याच्या अंगावर राहतात. आपण कॅमेरा उचलतो तेव्हा नेमक्या याच खुणा आपल्याला चित्र बिघडवणाऱ्या वाटतात आणि आपण त्या चौकटीबाहेर ठेवतो. परिणामी दगड दिसतो, पण त्याच्याविषयी काहीच कळत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला तर दगड नवा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून आपले पठार आणि सह्याद्री तयार झाले. आपले किल्ले, लेणी, हेमाडपंती देवळे, घाट, पार, समाध्या आणि स्वयंपाकघरातला पाटासुद्धा बहुतांशी त्याच काळ्या बेसॉल्टचा. कोकणात उतरले की हा काळा दगड मागे पडतो आणि तांबडा, सच्छिद्र जांभा सुरू होतो. हा दगड आपल्या इतका सवयीचा आहे, की तो 'पाहायचा' असतो हे आपल्या लक्षातच येत नाही. म्हणून छायाचित्रणाने ही सवय मोडावी, अशी अपेक्षा करणे गैर नाही. प्रत्यक्षात मात्र छायाचित्रणाने तिच्या जागी दुसरी सवय आणली आहे. सूर्यास्ताच्या वेळचा बुरूज, पावसाळ्यातली हिरवी शेवाळलेली पायरी, उपाहारगृहाच्या अंगणात फुले तरंगत ठेवलेले उखळ ही चित्रे आता इतकी ठरून गेली आहेत, की स्थळ न सांगितल्यास एकातून दुसरे वेगळे काढता येत नाही.

यात काही दोष यंत्राचाही आहे. काळ्या दगडाचे छायाचित्र घेणे दिसते तितके सोपे नसते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असणार, असे गृहीत धरून चालतो. त्यामुळे चौकट काळ्या पाषाणाने भरली की तो त्याला उजळवून करडा करतो. छायाचित्रकाराने जाणूनबुजून प्रकाश कमी घेतला, तरच काळा रंग काळा राहतो. हल्लीचे मोबाइल याच्याही पुढे जाऊन सावल्या आपोआप उजळ करतात. पण दगडावरचे काम दिसते ते सावलीमुळेच. टाकीचा घाव एखाद्या काडीइतकाही खोल नसतो. माथ्यावरच्या उन्हात तो नाहीसा होतो आणि सकाळच्या वा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात उठून दिसतो. सावली पुसली की पाथरवटाचे कामही पुसले जाते.

वेरूळचेच उदाहरण घेऊ. तिथली लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या अंगात खोदलेली आहेत. त्यामुळे सकाळी त्यांची दर्शनी बाजू सावलीत असते आणि दुपार कलल्यावर तिच्यावर ऊन येते. कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे. ते वरून खाली कोरत आणले गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याच्या असंख्य छायाचित्रांत मंदिराभोवतीच्या उभ्या कड्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. त्या कड्यावर हत्यारांच्या खुणा आहेत. खडक कसा उतरवत नेला, ते सांगणारा पुरावा तोच. शिवाय ज्या 'काळ्या पाषाणातील भव्यते'चे आपण गोडवे गातो, त्या मंदिरावर एके काळी चुन्याचा गिलावा आणि रंग होता. त्याचे अवशेष अजूनही दिसतात. म्हणजे निव्वळ, उघडा, काळा दगड ही घडवणाऱ्यांची कल्पना नव्हती. ती आपली आवड आहे, आणि आपण ती छायाचित्रातून त्यांच्यावर लादतो.

लेण्यांच्या छायाचित्रणाला आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेल्या रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि त्याने घेतलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली. गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या; छायाचित्रे मात्र उरली. त्या काळातील लेण्यांची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. खांबाच्या पायथ्याशी पुष्कळदा एखादा माणूस बसवलेला वा उभा केलेला असतो. खांब केवढा आहे ते कळावे, म्हणून. आजच्या देखण्या छायाचित्रांत हे प्रमाणही नसते, तेव्हा तेवढ्यापुरते ते जुने छायाचित्रकार आपल्यापेक्षा प्रामाणिक म्हटले पाहिजेत. पण त्यांनी मोजपट्टी म्हणून वापरलेल्या त्या माणसाचे नाव सहसा कुठेही नोंदलेले नसते. दगडाचे माप घेतले आणि माणूस सोडून दिला.

मी पदवीच्या वर्गाला लोकसाहित्य शिकवतो. एका वर्षी मुलांना आपापल्या गावातील एका घडीव दगडाचे छायाचित्र आणि त्याची माहिती आणायला सांगितले होते. वर्गातल्या एका मुलीने गावच्या मारुतीच्या देवळामागचा वीरगळ आणला. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी नेहमीची रचना होती. पण संपूर्ण दगडाला चंदेरी ऑइलपेंट फासलेला. बाजूला कोणीतरी धुतलेली गोधडी वाळत घातली होती. वर्गात हसू उमटले. एका विद्यार्थ्याने सुचवले, की गोधडी काढून आणि छायाचित्र कृष्णधवल करून घेतले असते, तर रंग कळला नसता. मुलगी म्हणाली, "पण सर, तो तसाच आहे."

तिच्या त्या वाक्याने मला माझ्या जात्याची आठवण झाली. ऑइलपेंटमुळे वीरगळावरचे बारीक कोरीवकाम बुजते, म्हणून तो फासू नये, हे गावकऱ्यांना समजावून सांगितलेच पाहिजे. पण फासलेला रंग छायाचित्रातून लपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लपवला, तर दगडाचे काय होते आहे हे कोणालाच कळणार नाही. शिवाय त्या रंगात आणखीही काही आहे. दर यात्रेला रंग देणाऱ्यांच्या लेखी तो दगड मेलेला नाही. कोणा अनाम वीराचे स्मारक आता त्यांचा देव झाले आहे. हे स्थित्यंतर ज्याला अभ्यासायचे आहे, त्याला चंदेरी रंगाचा आणि गोधडीचाही उपयोग होईल. कृष्णधवल देखणेपणाचा होणार नाही.

चौकटीबाहेर काय ठेवले, हा प्रश्न काही वेळा केवळ अभ्यासाचाही राहत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे गेल्या काही वर्षांत प्रकाशात आली. २०२२ साली कोकणातील निवडक कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. उंचावरून, ड्रोनने घेतलेली त्यांची छायाचित्रे सर्वत्र पाहायला मिळतात. आकृती संपूर्ण दिसायला ड्रोनची मदत होते, यात शंका नाही. कशेळीचा हत्ती जमिनीवर उभे राहून एका नजरेत मावतच नाही. पण घट्ट चौकटीतल्या त्या छायाचित्रात हत्तीएवढा हत्ती आणि तळहाताएवढा हत्ती सारखेच दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजूबाजूचा सडा दिसत नाही. हा सडा सरकारी भाषेत बऱ्याचदा पडीक असतो, चिरेखाणीला सोयीचा असतो, रस्त्याला आणि प्रकल्पाला मोकळा असतो. २०२३ साली बारसूच्या सड्यावरील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाला ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा तिथल्या कातळशिल्पांचे काय, हा प्रश्नही पुढे आला. तेथील शिल्पाचे छायाचित्र घेणाऱ्याने चार पावले मागे सरून भोवतालची जमीन चौकटीत घेतली, तर ते छायाचित्र त्या वादात साक्ष देऊ शकते. एरवी ते केवळ नक्षी म्हणून उरते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. छायाचित्रण ही कला आहे. पुरातत्त्वखात्याची नोंदवही नव्हे. दगडाचा पोत, त्यावरची शेवाळ, प्रकाशाचा खेळ यांतून शुद्ध आकार शोधण्याचा कलावंताला अधिकार आहे. प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि गावाचे नाव घालायला लावणे ही अरसिकता झाली.

कलावंताचा हा अधिकार मला मान्य आहे. दगडाच्या पृष्ठभागात एखाद्याला चित्र दिसले, तर त्याने ते जरूर टिपावे. पण अशा कलावंताला आपण काय वगळतो आहोत, याची जाण असते. ती निवड त्याची असते. आपण बहुतेकजण वगळतो ते सवयीने, आणि वगळलेले चित्र 'वारसा' म्हणून पुढे पाठवतो. कलेचा दावा आणि साक्षीचा दावा एकाच छायाचित्राने एकाच वेळी करायचा, पण साक्षीची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, याला माझा आक्षेप आहे. शिवाय देखणेपण आणि साक्ष यांत वैर असते, असेही नाही. ज्या तिरक्या उजेडात टाकीचे घाव दिसतात, तोच उजेड सुंदरही असतो. चीर आणि गंजलेली पट्टी घेऊनही माझे जाते कुरूप दिसले नसते. मला ते तेव्हा दिसले नाही, इतकेच.

याच जात्याच्या संदर्भात एका कामाची आठवण करून द्यावीशी वाटते. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. या संग्रहाचे मोल केवळ संख्येत नाही. ओवी कोणी गायली आणि ती बाई कोणत्या गावची, याची नोंद तिथे ठेवली गेली. त्यामुळे 'लोक' या धूसर शब्दामागे प्रत्यक्ष बायका दिसू लागल्या. ओवीच्या बाबतीत जे झाले, ते ओवी ज्या दगडापुढे बसून गायली गेली, त्याच्या बाबतीत झालेले नाही. घराघरांतून जाती गेली. टाकी लावायला दारावर येणारे लोकही दिसेनासे झाले.

हे करायला मोठी संस्था लागत नाही. खिशात कॅमेरा आता प्रत्येकाच्याच आहे. दगडाचे एक छायाचित्र हवे तसे, हवे तितके सुंदर घ्यावे; पण दुसरे चार पावले मागून, भोवतालासकट घ्यावे. तिसरे जवळून, तिरक्या उजेडात घ्यावे, आणि शेजारी छत्री, काठी, निदान एखादे नाणे ठेवावे. मोडके, सांधलेले, रंगवलेले जे असेल, ते टाळू नये. सोबत गाव, दिनांक आणि त्या दगडाविषयी सांगणाऱ्या माणसाचे नाव, त्याची संमती घेऊन, लिहून ठेवावे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. छायाचित्रात मात्र आपल्याला देवपण तेवढे हवे असते आणि घाव नको असतात.

आत्या गेल्यानंतर मी ते भिंतीवरचे छायाचित्र उतरवले. फेकले मात्र नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने सांगितलेले सारे लिहिले: वरच्या दगडाला चीर, लोखंडी पट्टी, ती आजोबांनी मारून घेतलेली, दळणारी कोण, गाव कोणते. मग ते पुन्हा जागेवर लावले. पाहुणे अजूनही पुढच्या बाजूचे कौतुक करतात. कोणी थोडा वेळ रेंगाळला, तर मी ते खिळ्यावरून काढून त्याच्या हातात उलटे देतो.