रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे बाई खोटी?

आपल्याकडे पोटदुखीला दोनच नावं आहेत. पुरुषाला असेल तर ॲसिडिटी. बाईला असेल आणि गोळीनं थांबली नाही, तर टेन्शन. तिसरं नाव सापडायला नशीब लागतं.

आपल्याच तालुक्यातल्या एका ताईंना ते दोन वर्षांनी सापडलं. त्यांच्या परवानगीनं लिहितोय, नाव-गाव देत नाही. जेवलं की अर्ध्या तासात बेंबीच्या वर कळ यायची. भीतीनं जेवण तुटलं, वजन ११ किलोनं उतरलं. सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. सासरचे म्हणाले, नाटकं. शेजारीण म्हणाली, बाहेरचं बघून घ्या. शेवटी पुण्यात एका डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सीटी अँजिओग्राफी करायला लावली.

आजाराचं नाव मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याचा एक चिवट पट्टा काहींच्या शरीरात जरा खाली असतो. जठर, यकृत, प्लीहा यांना रक्त पुरवणारी धमनी तो दाबतो. श्वास सोडला की दाब वाढतो. म्हणून डॉपलर तपासणी श्वास घेऊन आणि सोडून, दोन्ही वेळा करावी लागते. नेहमीच्या सोनोग्राफीत हे बघायला कुणी सांगितलेलंच नसतं, मग दिसणार कुठून?

आता खरं तेही सांगतो. आजार दुर्मिळ आहे. काहीही त्रास नसलेल्या माणसांतही ही धमनी दबलेली दिसू शकते, त्यामुळे आधी बाकीची कारणं तपासावीच लागतात. ऑपरेशननं पट्टा मोकळा करतात, पण सगळ्यांनाच आराम पडतो असं नाही. तेव्हा गावच्या डॉक्टरला हा आजार ओळखता आला नाही, याचा मला राग नाही. राग याचा आहे की "मला कळत नाही, पुढे दाखवा" म्हणायच्या जागी "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हटलं गेलं. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ त्या तपासणीत सापडलं नाही, एवढाच. ११ किलो वजन टेन्शनच्या नावावर लिहून मोकळं कसं होता येतं?

आणि सरकार? महात्मा फुले जनआरोग्य योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आहे. म्हणजे आधी आजाराचं नाव आणा. ते नाव शोधायला दवाखाने फिरण्याचा, तपासण्यांचा, एसटीचा खर्च कुणी करायचा? या ताईंच्या बांगड्या त्यातच गहाण पडल्या.

आमदारसाहेब, आरोग्य शिबिरात चष्मे वाटता, चांगलंच आहे. आता एवढं करा. तीन महिने पोट दुखतंय आणि वजन घटतंय, अशा प्रत्येक पेशंटला ग्रामीण रुग्णालयातून लेखी चिठ्ठी देऊन मेडिकल कॉलेजला पाठवायची सोय लावा. तिथली तपासणी फुकट करून द्या.

आणि वाचणाऱ्यांनो, घरात कुणी जेवायला घाबरत असेल तर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. कधी दुखतं, किती वेळ दुखतं, तेही लिहा. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, "हे टेन्शन आहे हे कोणत्या तपासणीत दिसलं?"

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी घरातल्या बाईला विचारा, जेवलीस का?